काल्पनिक जगाचा बांध कोण राखतो?

चार-पाच जणांनी एकत्र बसून एखादे अद्भुत जग रचायचे आणि मग त्याच जगात पात्रे होऊन वावरायचे, या खेळाविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की ही नुसती मोकाट कल्पनाबाजी आहे. ज्याला जे सुचेल ते त्याने बोलावे, कुणी कुणाला अडवू नये. दुसरे मत वाचनवेड्या माणसांचे. त्यांच्या लेखी खरे काल्पनिक जग एकाच प्रतिभावंताच्या डोक्यातून उतरते, पाच जणांनी हात घातला की त्याचा काला होतो.

ही मते एकमेकांच्या विरुद्ध वाटली तरी त्यांचे मूळ एकच आहे, आणि ते वरवरचे आहे. जग रचायला कल्पनाशक्ती लागते आणि तेवढी असली की पुरे, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. माझे म्हणणे वेगळे आहे. मिळून रचलेले जग एकमेकांच्या शब्दाला बांधून घेण्यावर उभे राहते. एकाने उच्चारलेली गोष्ट बाकीच्यांनी खरी मानून तिचे परिणाम सोसायचे, हा त्याचा पाया. आणि हा पाया कसा घालतात हे शिकायला रायगडातल्या पेण-रोह्याच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही.

१. खेळ नेमका कसला

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो प्रसंग मांडतो, इतर सगळ्या जगाच्या वतीने बोलतो. बाकीचे एकेक पात्र चालवतात. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे पडतात. पट असलाच तर नावापुरता. खेळ चालतो तो बोलण्यावर. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापले तेव्हापासून या प्रकाराला स्वतंत्र नाव आणि बाजारपेठ मिळाली.

आपल्या कामाचा आहे तो त्याआधीचा काळ. आर्नेसन १९७१च्या सुमारास मिनेसोटात आपल्या मित्रांबरोबर ‘ब्लॅकमूर’ नावाच्या मुलखात खेळत होते. त्यांच्यातल्या एकाचे पात्र रक्तपिपासू पिशाच झाले आणि इतके प्रबळ झाले, की त्याला आवरणार कोण, हा सगळ्यांपुढे पेच पडला. तेव्हा पिशाचांचा बंदोबस्त करणारा धर्मोपदेशक हा नवा पात्रप्रकार घडवला गेला. पुढे जगभर लाखो खेळाडूंनी वापरलेला तो प्रकार असा एका टेबलावरच्या अडचणीतून जन्मला. पिशाच खरे मानले गेले म्हणूनच त्याच्यावर उतारा शोधणे भाग पडले. ‘जाऊ दे, ते पिशाच नव्हतेच’ असे कुणी म्हणू शकला असता, तर नवे काहीच निर्माण झाले नसते.

२. सुचणे स्वस्त, पाळणे महाग

कोणत्याही शाळकरी मुलाला विचारा, दहा मिनिटांत तो तीन चंद्रांचे आकाश, बोलणारे डोंगर आणि सात डोक्यांचा राजा उभा करील. सुचण्याचा दुष्काळ माणसाला कधीच नव्हता. अडते ते पुढे. तीन चंद्र असतील तर भरती-ओहोटीचे काय? भरतीचे गणित बदलले तर कोळी होडी कधी लोटणार? मासळीचा बाजार कोणत्या वेळी भरणार? हे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत तर तीन चंद्र म्हणजे पडद्यावरचे चित्र. विचारले आणि उत्तराला सगळे बांधील राहिले, तर ते जग.

एकटा लेखकही हे प्रश्न स्वतःला विचारतो, नाही असे नाही. पण स्वतःचीच अट मोडण्याची सोय त्याच्याकडे कायम असते. मागचे पान फाडले की झाले. टेबलावर बसलेल्याला ती सोय नाही. त्याचे वाक्य चौघांनी ऐकलेले असते, त्यातल्या एकाने त्यावर आपला बेत आखलेला असतो. इथे मागे घेणे म्हणजे दुसऱ्याच्या पायाखालची जमीन काढणे. एकट्याच्या जगात जो संयम लेखकाच्या मर्जीवर असतो, तो मिळून रचलेल्या जगात इतरांच्या उपस्थितीमुळे सक्तीचा होतो. म्हणून मला हा प्रकार एकट्याच्या निर्मितीची दुय्यम आवृत्ती वाटत नाही. त्याचा गुण दुसरा आहे आणि तो एकट्याला साधणे कठीण आहे.

३. खारेपाटात बसून पाहू

हे हवेत राहू नये म्हणून एक जग रचायला घेऊ. जागा पेणच्या पश्चिमेची, धरमतर खाडीकडे उतरणारी: वाशी, शिर्की, वढाव या गावांचा खारेपाट. इथली भातशेती मुळात खाडीच्या हद्दीतली आहे. मातीचे बांध घालून भरतीचे पाणी बाहेर ठेवायचे, पावसाचे पाणी उघाडीतून ओहोटीला सोडायचे, आणि असे करत करत खाजणाचे शेत करायचे. उधाणाला बांधाला खांड पडली आणि खारे पाणी आत शिरले की ते पीक तर जातेच, पण जमिनीतले मीठ धुऊन निघेपर्यंत पुढची वर्षेही जातात. पूर्वी बांधांची डागडुजी गाव मिळून करीत असे. त्या सामुदायिक श्रमाच्या रीतीला ‘जोळ’ म्हणत. पुढे १९४८चा खारजमीन कायदा आला, १९७९चा खारजमीन विकास कायदा आला, आणि बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे सरकली.

आता चौघे बसले आहेत असे समजा. पहिला म्हणतो, ‘आपल्या मुलखात समुद्र शेतापेक्षा उंच आहे. मध्ये फक्त एक बांध.’ ठरले.

दुसरी म्हणते, ‘उघाडीपाशी गिऱ्हा राहतो. रात्री तो ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो. ओ दिली की माणूस गेला.’ पाण्याकाठचा, हाक मारून चकवणारा गिऱ्हा कोकणाला नवा नाही. आवाजाची भर तिची. हेही ठरले.

तिसरा जरा विचार करून म्हणतो, ‘मग आपल्या गावात रात्री हाकेला ओ द्यायची नाही, असा दंडक असणार. लहान मुलांना बोलायला लागल्याबरोबर पहिला तोच शिकवतात.’ बरोबर आहे; आधीच्या वाक्यातून ते निघतेच.

चौथा सूत्रधार. तो एवढेच सांगतो: ‘आज अमावास्येचे उधाण आहे. मध्यरात्री बांधाला खांड पडली आहे. राखणीला एकटाच माणूस आहे, आणि तो गावाकडे तोंड करून ओरडतो आहे.’

गाव जागे आहे, हाक ऐकू येते आहे, आणि दंडकाप्रमाणे कुणीही उठणार नाही. ही गाठ चौघांपैकी कुणीही योजलेली नव्हती. पहिल्याला बांध हवा होता, दुसरीला भीती, तिसऱ्याला चालीरीत. प्रत्येकाने दुसऱ्याचे म्हणणे खरे धरले, एवढ्यानेच हा प्रसंग घडला. एखादा जाणता कथाकार एकटा बसून याहून चांगला प्रसंग लिहील, हे मला मान्य आहे. पण त्याला तो सुचलेला असेल; या चौघांवर तो येऊन आदळला आहे, आणि आता त्यांना त्यातून वाट काढायची आहे. हाकेऐवजी शंख फुंकायचा ठरवावे, तर शंख कुणाकडे असावा यावरून गावात दोन तट पडतील. गिऱ्ह्यालाही शंख वाजवता येतो का, हे अजून कुणी बोललेले नाही.

इथे आणखी एक पायरी चढता येते. कुणीतरी म्हणावे, ‘तीन पिढ्यांपूर्वी राजाने फर्मान काढले, की यापुढे बांध दरबार राखील; रयतेने श्रम करायची गरज नाही.’ सगळ्यांना आनंद झाला. आज दरबाराचा माणूस वर्षातून एकदा येतो आणि खांड बुजवायची कशी, हे गावात कुणालाच नीट आठवत नाही. ही कल्पना ज्याला सुचेल तो बहुधा खारेपाटातलाच असेल.

४. आपली जमीन का घ्यायची

स्थानिक गोष्टी घ्याव्यात हे मी अभिमानापोटी सांगत नाही. परदेशी पुस्तकांतले बुटके खाणकामगार आणि लांब कानांचे वनवासी खेळायला हरकत कसलीच नाही. त्यांत गोडी आहे. माझे कारण वरच्या युक्तिवादातूनच निघते. परिणाम शोधायचे असतील तर कारणांची ओळख हवी. बर्फाळ मुलखातला किल्ला हिवाळ्यात धान्य कसे साठवतो, हे रोह्याच्या मुलाने सांगितले तर ते ऐकीव असते, आणि बाकीच्यांना ते तपासता येत नाही. मग जे पुस्तकात छापले आहे तेच प्रमाण ठरते आणि टेबलावरच्या माणसांचा एकमेकांवरचा वचक संपतो. उलट मिठागरात पाणी केव्हा घेतात, अवकाळी पावसाने मिठाचे काय होते, तळ्यात सोडलेला जिताडा मासा केव्हा काढतात, हे चौघांपैकी एकाला तरी ठाऊक असते आणि तो दुसऱ्याला टोकतो. मिळून रचलेल्या जगाची शिस्त या टोकण्यात आहे.

अवचितगड, सुरगड, घोसाळगड, तळगड हे रोह्याच्या अवतीभवतीचे गड. पेणकडे सांकशी आणि मिरगड. त्यांची भूगोल म्हणून होणारी मदत मोठी आहे. कोणत्या कड्यावरून कोणती खिंड दिसते, टाक्यांचे पाणी उन्हाळ्यात कुठवर पुरते, हे चढून पाहता येते. मात्र शिवकाळ उचलून त्यात मनाजोगे फेरफार करावेत, या मताचा मी नाही. त्या इतिहासावर टेबलाबाहेरच्या असंख्य माणसांचा हक्क आहे आणि त्यांची संमती आपण घेतलेली नसते. भूगोल घ्यावा, राजे स्वतःचे घडवावेत.

५. ही रीत आपल्याला परकी नाही

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा सूत्रधाराची पदे रचलेली होती. पात्रांची भाषणे बहुतेक आयत्या वेळची. सिंधुदुर्गात आणि गोव्यात दशावतारी मंडळी आजही आख्यान ठरवतात, संवाद लिहीत नाहीत. राजाचे सोंग घेतलेल्याने भर रंगात एखादे वचन देऊन टाकले, की समोरच्याला ते ऐकलेच नाही असे करता येत नाही. त्याला तिथल्या तिथे ते वचन कथेत बसवावे लागते. वरच्या खेळाशी याचे नाते उघड आहे. फरकही उघड आहे: आख्यानाचा शेवट प्रेक्षकांना ठाऊक असतो, खेळाचा कुणालाच नसतो.

याहून मोठा पुरावा भुताखेतांचा. ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्याने शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या पाठवून लोकसमजुती गोळा करवल्या होत्या. १९०९ साली नाशिकला अनंत कान्हेरे यांच्या गोळीने जॅक्सन मारला गेला. पुढे आर. ई. एन्थोव्हन यांनी ते साहित्य संपादित केले. त्यातला कोकणाचा भाग १९१५ साली निघाला. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, मास्तरांची उत्तरेही त्यात आहेत. त्यातली भुते पाहिली की त्यांची व्यवस्था डोळ्यांत भरते. मुंज झालेला मुलगा लग्नाआधी गेला तर मुंजा, त्याचे ठाणे पिंपळावर. बाळंतपणात बाई दगावली तर हडळ. ज्याचा जीव इस्टेटीत अडकला तो समंध. या सगळ्यांवर वेताळाचा अंमल. प्रत्येकाला मरणाचे कारण, राहण्याची जागा आणि उतारा ठरलेला. या जगाचा कर्ता कोण? कुणी नाही. गावोगावच्या सांगणाऱ्यांनी एकमेकांना दुरुस्त करत करत ते इतके सुसंगत केले. एका डोक्याशिवाय सुसंगती येत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा ग्रंथ जरूर चाळावा.

६. आक्षेप: शेवटी खिचडीच होणार

हा आक्षेप खरा असतो तो सभा भरवणाऱ्यांच्या बाबतीत. प्रत्येक गोष्टीवर सगळ्यांचे एकमत करायला गेले की धार बोथट होते. कुणालाच खटकणार नाही असे गुळमुळीत काहीतरी उरते. पण मिळून रचणे म्हणजे मतैक्य करणे नव्हे. बेन रॉबिन्स यांचा ‘मायक्रोस्कोप’ (२०११) हा खेळ केवळ एखाद्या जगाचा इतिहास रचण्यासाठी केलेला आहे. त्यात ज्याची पाळी असेल त्याने एकट्याने ठरवायचे. इतरांनी सल्ला द्यायचा नाही. बंधन एकच, आधी ठरलेल्याच्या विरुद्ध जायचे नाही. आणि सुरुवातीलाच एक यादी होते: या जगात काय हमखास चालेल, काय अजिबात चालणार नाही. ठरवताना एकटा, पाळताना सगळे. मला ही मांडणी सभेपेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते.

संमती तुटली की काय होते, याचेही उदाहरण आहे. १८२६ साली यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावी ब्रँटी भावंडांच्या घरी लाकडी शिपायांचा संच आला. चौघांनी एकेक शिपाई निवडला आणि त्यांतून एक अख्खे जग उभे राहिले. काही वर्षांनी धाकट्या एमिली आणि ॲन बाहेर पडल्या. मोठ्यांच्या जगात त्यांच्या शब्दाला वजन उरले नव्हते, असाच त्याचा अर्थ मी लावतो. त्यांनी ‘गोंडल’ हे स्वतःचे जग काढले. शार्लट आणि ब्रॅनवेल यांनी १८३४ साली नवे राज्य वसवले, त्याचे नाव ‘अँग्रिया’. कुलाब्याच्या आंग्र्यांना इंग्रजी कागदपत्रांत याच नावाने ओळखत, हे अलिबाग-पेणच्या वाचकाने ध्यानात ठेवावे. जग फुटले ते कल्पना आटल्यामुळे नाही. दोघींनी वेगळे होऊन आणखी कितीतरी लिहिले.

७. आक्षेप: मग श्रद्धा हाही खेळच का

हा प्रश्न टाळता येत नाही. रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस तिला सशस्त्र मानवंदना देतात. सर्वांनी मिळून मानलेली मर्यादा इथेही आहे. पण ती तिथे जमलेल्यांनी केलेली नाही. त्यांच्याकडे ती चालत आलेली आहे, आणि ती बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्यांच्यातला कुणीही मानत नाही. खेळात प्रत्येकाला पक्के ठाऊक असते, की हा नियम आपण गेल्या आठवड्यात केला. दोन्हीकडे बांधिलकी आहे, तिचा उगम वेगळा आहे. म्हणून पूजेतली दैवते टेबलावर आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बांध राखणारा देव हवा असेल तर चौघांनी नवा घडवावा. त्याचा नवस आणि त्याचा राग दोन्ही स्वतः ठरवावे.

८. आक्षेप: हा पळ काढण्याचा मार्ग

खऱ्या प्रश्नांपासून तोंड फिरवायला अद्भुत जग बरे पडते, असे गंभीर माणसे म्हणतात. त्यांनी रोह्याच्या कुंडलिका नदीकडे पाहावे. सह्याद्रीपलीकडच्या मुळशीचे पाणी स्वभावतः पूर्वेला वाहून बंगालच्या उपसागराला जायचे. १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तरी धरण झालेच, आणि १९२७पासून ते पाणी सह्याद्रीवरून भिऱ्याला उतरते, मुंबईसाठी वीज तयार करते आणि मग कुंडलिकेतून रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत जाते. कोलाडला तराफ्यांची सफर चालते ती भिऱ्याहून पाणी सोडले की. दूरच्या नगरीत दिवे लागतात तेव्हा आपली नदी चढते, असे वाक्य एखाद्याने खेळात उच्चारले तर ऐकणाऱ्यांना ते जादूचे वाटेल. आणि पुढचा प्रश्न कुणीतरी विचारीलच: डोंगरापलीकडे ज्यांची शेते बुडाली ते कुठे आहेत? पेणकडेही असेच: हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे आणि त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. याच धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांना २१ सप्टेंबर २००८ रोजी विचारले गेले, की विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही. गावाने मिळून आपले भवितव्य ठरवणे म्हणजे काय, हे इथल्या माणसांनी मतदान करून पाहिलेले आहे. त्यांच्या मुलांनी टेबलावर तेच प्रश्न वेगळ्या नावांनी सोडवायला घेतले तर त्याला पळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

९. सर्वांत कठीण आक्षेप: टेबलावर कोण नाही

वरच्या आक्षेपांना उत्तरे आहेत. या आक्षेपाला पुरते उत्तर माझ्याकडे नाही, पण त्यामुळे माझ्या प्रतिपादनाला एक दुरुस्ती जोडावी लागते. मिळून रचलेले जग मिळणाऱ्यांचेच असते. एन्थोव्हनच्या ग्रंथातली सुसंगती मी वर वाखाणली. पण बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते, ही समजूत त्या बाईला विचारून ठरलेली नाही. सगळ्यांनी पाळलेला नियम अन्यायाचाही असू शकतो, आणि जितका सुसंगत तितका तो मोडायला कठीण.

पेण आणि रोह्याच्या डोंगराकडेला कातकरी आणि ठाकूर वाड्या आहेत. कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला बाहेर पडतात. खारेपाटातल्या आगरी मुलांनी, रोहे शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांनी रचलेल्या जगात डोंगरातले रान हमखास ‘रहस्यमय’ असते, त्यातली माणसे हमखास मुकी किंवा मांत्रिक. कुणी मुद्दाम दुष्टपणा केलेला नसतो. त्या रानात कोणत्या महिन्यात कोणता कंद निघतो, हे टोकणारे कुणी टेबलावर नसते, एवढेच. ज्या वचकावर मी सारा इमला उभा केला तो इथे गैरहजर आहे.

म्हणून एक अपवाद नियमातच लिहून ठेवावा. आधी ठरले ते सर्वांवर बंधनकारक, हे खरे. पण ज्यांच्या मुलखाविषयी ते ठरले त्यांच्यातला कुणी पुढे टेबलावर येऊन बसला, तर त्या मुलखापुरते आधीचे ठराव रद्द. त्याला ते पाळायची सक्ती नाही, आणि बाकीच्यांनी त्या चुकीच्या ठरावांवर जे बेत आखले होते त्यांचे नुकसान त्यांनीच सोसायचे. यात खेळाची काही सत्रे वाया जातील, एखादे आवडते पात्र निराधार होईल. ही किंमत ज्या गटाला जास्त वाटते, त्याने ते रान नकाशात घेऊ नये.